दगड झालेलं पॅडल

१

ब्रेक उत्तम होते. सगळी अडचण तिथेच होती.

इन्स्पेक्टरबाईंनी पुन्हा एकदा पॅडल दाबून पाहिलं. ते अलगद खाली गेलं, योग्य जागी थांबलं आणि चाकं धरून बसलं. त्यांनी गाडीतून उतरून बॉनेटखाली डोकावलं. ब्रेक ऑइल खुणेपर्यंत भरलेलं, नळ्या कोरड्या, पॅड अजून बरेच दिवस चालतील इतके जाड. इंजिनकडून ब्रेकला मदत पोचवणारी नळीही शाबूत होती.

परिवहन कार्यालयाच्या मागच्या आवारात, जप्त केलेल्या मोटारसायकली आणि गंजलेल्या ट्रकांच्या गर्दीत ती छोटी पांढरी गाडी उभी होती. टपावर ड्रायव्हिंग स्कूलची पाटी, चेपलेलं नाक, एक दिवा फुटलेला. परवा सकाळी ती उताराच्या रस्त्याने खाली आली, तळाच्या वळणावर वळली नाही आणि सरळ घड्याळं दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याच्या टपरीत घुसली. म्हातारा अजून शुद्धीवर आला नव्हता.

गाडीत तिघं होती. चालवत होती ती औषधाच्या दुकानाची मालकीण, अजून शिकाऊ. तिच्या बाजूला मास्तर. मागच्या सीटवर तिची नणंद, आपली पाळी येण्याची वाट बघत. मास्तरांच्या पायाशीही ब्रेकचं पॅडल होतं, शिकवण्याच्या गाडीत असतं तसं. एका लोखंडी दांडीने ते चालकाच्या पॅडलला जोडलेलं. मास्तरांनी दाबलं की चालकाचंही खाली जाणार.

फोन वाजला. पलीकडे साहेब होते.

"झाला का रिपोर्ट?"

"ब्रेक चांगले आहेत, साहेब."

"मग झालंच की. बाईने घाबरून ॲक्सिलरेटर दाबला आणि मास्तर फोनवर गप्पा मारत होता. नणंदेने तसं सांगितलंय. परवाना रद्द करायचा आदेश मी टाइप करून ठेवलाय, तुमची सही आली की निघेल. म्हातारा गेला तर पुढचं पोलीस बघतील. मास्तर आत जाईल."

"दोघांनी एकच गोष्ट सांगितलीय, साहेब. वेगवेगळ्या खोल्यांत बसून. पॅडल दगडासारखं झालं होतं म्हणे."

"ठरवून सांगितलं असेल."

"ठरवून खोटं सांगणारा माणूस पॅडल पार खाली गेलं म्हणतो. ब्रेक गेले म्हणजे पॅडल खाली जातं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. दगड झालं असं खोटं कुणाला सुचेल?"

"बाई, संध्याकाळपर्यंत," साहेब म्हणाले आणि फोन ठेवला.

बाईंच्या हातातलं पेन टकटक करत राहिलं. ही त्यांची सवय. डोक्यात काही अडकलं की पेनचं बटण दाबत राहायचं. ऑफिसातले लोक त्यांना पाठीमागे 'टकटकबाई' म्हणत आणि त्यांना ते माहीत होतं.

त्या स्वतःच्या गाडीत बसल्या आणि निघाल्या. पहिल्याच वळणावर सीटखाली काहीतरी गडगडलं. हा आवाज कित्येक दिवस येत होता. 'बघायला हवं,' त्यांनी रोजच्यासारखं मनाशी म्हटलं आणि रोजच्यासारखंच सोडून दिलं.

२

ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे एकच खोली. भिंतीवर रस्त्याच्या खुणांचे तक्ते, टेबलावर कापून उघडं केलेलं जुनं इंजिन, आणि रिकाम्या खुर्च्या. मास्तर उभेच होते. दोन दिवस शिकवायला बंदी होती, तरी पायात बूट, मनगटावर घड्याळ, सगळं जागच्या जागी.

गावात त्यांचं नाव 'बॉनेटमास्तर'. त्यांच्याकडे आलेल्या कुणालाही आधी बॉनेट उघडावं लागे. तेल, पाणी, ब्रेक ऑइल, टायरमधली हवा, दिवे, वायपर हे सगळं स्वतःच्या हाताने पाहून झाल्याशिवाय स्टिअरिंगला हात नाही. घाई असलेले लोक दुसरीकडे जात. उरलेले शिकून बाहेर पडत आणि जन्मभर मास्तरांच्या नावाने हसत बॉनेट उघडत.

"त्या वेळी फोन आला होता?" बाईंनी विचारलं.

"आला होता. वाजून वाजून बंद झाला."

"नणंदबाई म्हणतात, तुम्ही बोलत होता."

"मग त्यांनी माझ्यापेक्षा जास्त ऐकलं."

"पॅडलचं सांगा."

"उतारावर त्या म्हणाल्या, मास्तर, दाबतच नाहीये. मी माझं दाबलं. दगड. पुन्हा जीव खाऊन दाबलं. तेच. मग हँडब्रेक ओढला." त्यांनी उजव्या पायाकडे पाहिलं, जणू साक्ष त्यालाच विचारायची होती. "इतकी वर्षं हा पाय वेळेवर पडलाय, बाई. म्हाताऱ्याच्या टपरीत गाडी घुसताना मी नुसता बघत बसलो असं लोकांनी म्हणावं, हे मला सोसत नाही. परवाना गेला तर गेला."

तो गेला तर मास्तरांकडे दुसरं काय उरणार, हे त्या खोलीकडे बघून कळत होतं.

"त्या सकाळी बॉनेटचा धडा झाला?"

इथे मास्तर पहिल्यांदा अडखळले.

"झाला. म्हणजे त्या दोघींनी केला. मी दारं उघडून दिली आणि आत आलो. एका मुलाची त्या दिवशी ड्रायव्हिंगची परीक्षा होती, त्याची आई फोनवर रडत होती. मी म्हटलं, तुम्ही सुरू करा. किल्ली माझ्या खिशातच होती. धडा संपेपर्यंत किल्ली मी देत नाही. दिली की लोक बसून सुरूच करतात."

"आणि शेवटी? तुम्ही स्वतः एकदा बघता ना?"

"रोज बघतो," मास्तर म्हणाले.

बाई थांबून राहिल्या. मास्तर भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत होते.

३

औषधाच्या दुकानात नणंद-भावजय दोघीही होत्या. वहिनी काउंटरवर, नणंद खोकी लावत.

"चहा सांगू?" वहिनीने विचारलं.

"नको. दोनच प्रश्न आहेत."

"परवापासून सगळ्यांचे दोनच प्रश्न असतात," नणंद खोक्यांआडून म्हणाली. "आणि उत्तरं देऊन आमच्या जिभा झिजल्या."

"तुमची झिजली तर घरात शांतता होईल, ताई," वहिनी म्हणाली. थट्टा नेहमीची असावी. आज त्यावर कुणी हसलं नाही.

बाईंनी वहिनीला शेवटचे काही क्षण सांगायला लावले. वहिनी स्टुलावर चढून वरच्या फळीवरची बाटली काढता काढता बोलत होती. गिऱ्हाईक उभं होतं.

"पॅडल थोडंसं हललं आणि अडलं. मग माझ्या डोळ्यांसमोर टपरीच आली. दोन्ही हात स्टिअरिंगला चिकटलेले. धडकल्यावर मास्तर उडी मारून म्हाताऱ्याकडे धावले. मला गॅरेजवाल्या दादांनी बाहेर काढलं. बिचाऱ्यांनी खाली वाकून आधी माझा पाय सोडवला, मग हात धरून उतरवलं."

"पाय अडकला होता?"

"अडकला असेल. मला कुठली शुद्ध होती."

"लागलं का पायाला?"

"छे. ओरखडाही नाही." ती स्टुलावरून टुणकन उतरली आणि गिऱ्हाइकाला बाटली दिली.

बाईंनी मोर्चा नणंदेकडे वळवला. "मास्तर फोनवर काय बोलत होते?"

"आता ते मला कसं ऐकू येणार? मी मागे बसले होते."

"बोलत होते हे ऐकू आलं, काय ते नाही?"

नणंद हातातल्या खोक्यावरची चिकटपट्टी नखाने सोलत राहिली. "सतत फोन असतो त्यांना. सकाळीसुद्धा फोनच चालला होता. बॉनेटचा धडा मी एकटीने केला. तेल बघितलं, हवा बघितली, वायपरचं पाणी भरलं. वहिनी नुसती आरसे नीट करत बसली होती."

"आरसे नीट करणं हाही धडाच आहे," वहिनी म्हणाली.

"हो. लिपस्टिकसाठी."

बाई दाराशी पोचल्या तेव्हा मागून नणंदेने विचारलं, "तो म्हातारा कसा आहे?"

"अजून शुद्ध नाही."

नणंदेच्या हातातून खोकं सुटलं आणि गोळ्यांच्या पट्ट्या फरशीभर पसरल्या.

४

ड्रायव्हिंग स्कूलच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे गॅरेज. टपरी तिथून हाकेच्या अंतरावर. तिथे आता मोडकी फळकुटं आणि काचांचा चुरा होता. गॅरेजवाला एका गाडीच्या चाकाचे नट आवळत होता.

त्याच्याकडे कुठलीच वस्तू टाकाऊ नव्हती. जुने पट्टे खिळ्यांना लटकलेले, फुटक्या दिव्यांच्या काचा रंगांप्रमाणे लावलेल्या. एका फळीवर जाड प्लॅस्टिकच्या जुन्या बाटल्यांची रांग, सगळ्यांत निळं पाणी.

"वायपरचं पाणी आहे," तो बाईंची नजर पाहून म्हणाला. "घरीच बनवतो. बाजारातल्यापेक्षा काच जास्त चमकते. एकदा वापरून बघा."

"अपघातानंतर गाडीपाशी आधी तुम्ही पोचलात?"

"मीच. दार उघडलं, वहिनींचा हात धरला, बाहेर काढलं. संपलं. पोलीस आले, त्यांनी विचारलं, ब्रेक बघून सांगता का. बघितले. ठणठणीत होते, तसं सांगितलं. यात खोटं एक अक्षर नाही."

"खोटं आहे असं मी म्हटलंच नाही."

गॅरेजवाल्याने नट आणखी आवळला. तो कधीचाच आवळून झाला होता. पाना नुसता कुरकुरत होता.

"मास्तर तुमचे मित्र ना?"

"माझं गॅरेज त्याच्यामुळे चालतं. त्याच्या हाताखाली शिकलेला माणूस वेळेवर गाडी आणतो, मोडल्यावर नाही." त्याने पाना नटावरून काढला. "परवाना जाणार का हो त्याचा?"

"संध्याकाळी ठरेल."

"आणि म्हातारा?"

"ते आपल्या हातात नाही."

गॅरेजवाला पुढच्या नटाकडे वळला. तोही आधीच घट्ट होता.

५

बाई बाहेर येऊन रस्त्यावर उभ्या राहिल्या. मान खाली घालून चालत त्या टपरीपर्यंत गेल्या आणि परत आल्या. पुन्हा गेल्या.

डांबरावर टायर घासल्याच्या दोन काळ्या रेषा होत्या. गाडीचं नाक टपरीत घुसलं होतं. पुढची चाकं घासली असती तर रेषा टपरीच्या उंबऱ्याशी भिडल्या असत्या. या रेषा एका गाडीच्या लांबीइतक्या अलीकडेच संपत होत्या. म्हणजे घासली ती फक्त मागची चाकं. आणि फक्त मागची चाकं धरतो तो हँडब्रेक.

वहिनीचे दोन्ही हात स्टिअरिंगला चिकटलेले होते. हँडब्रेक मास्तरांनीच ओढला. रेषाही चांगल्या लांब होत्या. शेवटच्या क्षणी दचकून ओढलेला तो नव्हता. फोनवर गप्पा मारणाऱ्या माणसाच्या या रेषा नव्हेत.

नणंद खोटं बोलत होती. पण का? आणि मास्तर खरं बोलत असतील तर पॅडल दगड कशाने झालं? पेन पुन्हा टकटक करू लागलं. दुपार उतरायला लागली होती. साहेबांचे दोन फोन येऊन गेले होते.

बाई गाडीत बसल्या, उताराच्या माथ्यापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या. मास्तरांची गाडी जशी आली तशीच खाली यायचं होतं. उतार सुरू झाला. बाईंनी बेताने ब्रेक दाबला.

सीटखाली गडगडलं. आवाज मागून पुढे आला.

मग त्यांच्या टाचेला काहीतरी थंड लागलं.

बाईंचा पाय क्षणभर हवेतच राहिला. त्यांनी हँडब्रेक ओढला, गाडी कडेला लागली, मागच्याने हॉर्न वाजवून शिव्या दिल्या. बाईंनी खाली वाकून हात घातला. त्यांचीच पाण्याची स्टीलची बाटली. कित्येक दिवस हरवली म्हणून घरात सगळ्यांवर खापर फोडून झालं होतं. ती ब्रेकच्या पॅडलपासून वीतभर अंतरावर येऊन थांबली होती.

बाटली हातात घेऊन त्यांनी एकदा पॅडलकडे पाहिलं. मग त्यांनी ती मागच्या डिकीत टाकली आणि गाडी आवाराकडे पिटाळली.

६

सकाळी त्यांनी ब्रेक तपासले होते. गाडीतली चटई उचलून पाहिली नव्हती. आता उचलली. चालकाच्या पायाखालच्या गालिच्यावर हाताएवढा ओलसर डाग होता, कडांना निळसर. वास साबणाचा. पॅडलच्या दांड्याच्या मागच्या बाजूला प्लॅस्टिकचा एक पांढरा तुकडा खरवडून चिकटलेला.

भरलेली, झाकण लावलेली जाड बाटली. पॅडलमागे आडवी पडली की ती दबत नाही. चालकाचं पॅडल अडलं, म्हणजे दांडीने जोडलेलं मास्तरांचंही अडलं. दोन माणसं, दोन पाय आणि एकच दगड.

मग बाटली कुठे होती? गाडीत नव्हती.

बाईंनी तिघांनाही बोलावून घेतलं. मास्तर आले, मागून नणंद-भावजय आल्या. बाईंनी डिकीला किल्ली लावली. आत, कडेला पट्ट्याने बांधलेली मास्तरांची निळ्या पाण्याची बाटली होती. काठोकाठ भरलेली, झाकणाचं सील जसंच्या तसं.

"ही तुमची, मास्तर?"

"माझी. आदल्या दिवशी नवी ठेवली. गाडीत सुटी वस्तू चालत नाही, म्हणून पट्टा."

बाईंनी बॉनेट उघडलं. धक्क्यात पुढचा भाग चेपला होता, पण वायपरच्या पाण्याची टाकी वाचली होती. ती गळ्यापर्यंत भरलेली होती.

"ताई," बाईंनी नणंदेला विचारलं, "तुम्ही त्या सकाळी टाकी भरलीत. डिकी किल्लीशिवाय उघडत नाही. किल्ली मास्तरांच्या खिशात, मास्तर आत फोनवर. आणि या बाटलीचं तर सीलही तुटलेलं नाही. मग टाकी कशाने भरली?"

नणंद बॉनेटखाली बघत राहिली, जणू उत्तर तिथे लिहिलंय.

"अहो ताई," वहिनी सहजपणे म्हणाली, "तुम्ही समोरून आणली नव्हती का? गॅरेजवाल्या दादांकडून? मी आरशात पाहिलं तुम्हाला, बाटली घेऊन रस्ता ओलांडताना."

वहिनीला आपण काय बोललो ते हळूहळू उमगलं आणि तिने तोंडावर हात घेतला.

"जरासंच पाणी लागलं," नणंद म्हणाली. "बाटली जवळजवळ भरलेलीच राहिली. तेवढ्यात मास्तर घाईघाईने आले, बसा बसा म्हणाले. डिकी बंद. म्हटलं परत आल्यावर देऊन टाकू. मागे माझ्या पायाशी ठेवली. उतारावर पायाखालून सरकली, मी वाकून शोधली, मिळाली नाही. आणि मग वहिनी ओरडली."

"आणि मास्तर फोनवर होते?"

"फोन वाजत होता." ती रडत नव्हती; रडता आलं असतं तर बरं झालं असतं असा तिचा चेहरा होता. "मला वाटलं, माझ्यामुळे झालं हे कळलं तर माझा दादा मला घरात उभी करणार नाही. कुणाचं तरी नाव घ्यायचं होतं. तोंडातून निघालं. मग ते परत कसं घ्यायचं तेच कळेना."

वहिनीने तिचा हात धरला. "तुमच्या दादाचं मी बघते. तुम्ही आधी मास्तरांचं बघा."

नणंदेला मास्तरांकडे बघवेना. मास्तरही तिच्याकडे बघत नव्हते. ते चटईखालच्या डागाकडे बघत होते.

"बाटली कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

"माहीत नाही. खरंच. धडकल्यावर मी मागच्या दाराने उतरले. नंतर येऊन सगळीकडे पाहिलं. नव्हतीच."

"नसणारच," बाई म्हणाल्या. त्यांचं पेन थांबलं होतं. "ज्या पायाला ओरखडा नाही, तो पाय कुणी कशाला सोडवेल?"

७

गॅरेजवाला हात पुसत पुढे आला.

"वायपरचं पाणी द्या थोडं," बाई म्हणाल्या. "तुम्ही म्हणाला होतात, वापरून बघा."

"देतो की."

तो फळीपाशी गेला. हाताशी सगळ्यात जवळ होती ती बाटली त्याने ओलांडली आणि लांब हात करून टोकाची काढली.

"ही जवळची का नको?"

"ती... ती गळते."

"बघू."

गॅरेजवाल्याने हातातली बाटली खाली ठेवली. बाईंनी स्वतःच ती जवळची उचलली. झाकण तिरकं बसलेलं, कडेने निळा ओघळ. पोटावर आडवी खोलगट खाच. पॅडलचा दांडा जेवढा रुंद तेवढीच रुंद. त्यातून प्लॅस्टिकचा एक पापुद्रा निघालेला.

"फेकून का नाही दिलीत?"

"माझ्याकडून काही फेकलं जात नाही," तो म्हणाला. मग एका जुन्या टायरवर बसला. "रांगेतली एक कमी झाली असती तर मलाच दिसत राहिली असती."

मागे मास्तर येऊन उभे होते, हे त्यांना पावलांवरून कळलं होतं. गॅरेजवाल्यालाही.

"दार उघडलं आणि पहिली हीच दिसली. माझी बाटली. पॅडलखाली. काही सुचलं नाही, हातच गेला. वहिनींना म्हटलं, पाय सोडवतो. बाटली काढून कपड्यात गुंडाळली. म्हटलं, मास्तरच्या गाडीत सुटी बाटली सापडली, तीही माझी, म्हणजे दोघंही गेलो. त्याला वाचवतोय असं वाटलं. स्वतःला वाचवत होतो की त्याला, ते तुम्ही ठरवा."

"पॅडल दगड झालं होतं असं मास्तर सांगत होते," बाई म्हणाल्या. "ते खरं आहे हे दाखवणारी जगात एकच वस्तू होती. ती तुम्ही पुसून फळीवर लावलीत आणि ब्रेक ठणठणीत असल्याचं पोलिसांना सांगितलंत."

"ब्रेक ठणठणीतच होते."

"हो. म्हणूनच मास्तर खोटे ठरले."

"संध्याकाळी लोक म्हणू लागले, तो फोनवर होता. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण तेव्हा बोललो असतो तर सकाळी का नाही बोललास म्हणाले असते. आज बोललो असतो तर काल का नाही." त्याने मास्तरांकडे पाहिलं. "रोज एक दिवस वाढत गेला, मास्तर."

मास्तरांनी वाकून जमिनीवर पडलेला पाना उचलला आणि भिंतीवरच्या त्याच्या खिळ्याला लावला.

"नट जास्त आवळू नकोस," ते म्हणाले. "आटे जातात."

आणि रस्ता ओलांडून निघून गेले.

८

साहेबांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे आदेश फाडायचा?"

"रद्द करायचा फाडा. बाकी मी लिहितेय."

"गॅरेजवाला?"

"पुरावा हलवला. ते पोलिसांकडे जाईल. नणंदबाईंचा बदललेला जबाबही."

हॉस्पिटलमधूनही निरोप आला होता. म्हातारा शुद्धीवर आला होता आणि त्याने पहिल्यांदा विचारलं ते, किती वाजले. मनगट मोडलं होतं, ते बसेल असं डॉक्टर म्हणत होते. नर्सने वेळ सांगितली तर म्हणे, तुमचं भिंतीवरचं घड्याळ मागे आहे.

मास्तर बाईंच्या टेबलासमोर बसले होते. बाईंनी लिहिलेलं वाचून दाखवलं. दोन्ही पॅडलं बाटलीने अडली. प्रशिक्षकाने पाय आणि हँडब्रेक दोन्ही वेळेवर वापरले. फोन उचलला नव्हता.

"पुढे?" मास्तर म्हणाले.

"पुढे काय?"

"मी शेवटी बघितलं का, ते."

बाईंनी पेन खाली ठेवलं. ते बाईंना कुणीच विचारलं नव्हतं, साहेबांनीसुद्धा नाही. सकाळी बाईंनी स्वतः मास्तरांना विचारलं होतं आणि उत्तर अर्धंच मिळालं होतं. अर्धं उत्तर रिपोर्टमध्ये घालायलाच हवं असा काही नियम नव्हता.

"लिहिलं तर काही महिने शिकवता येणार नाही," त्या म्हणाल्या.

"मी रोज शेवटी चारही दारं उघडून पायाशी बघतो. त्या दिवशी उशीर झाला होता. बसा बसा म्हटलं आणि निघालो. तिने बाटली ठेवली हे खरं. पण ती शिकायला आली होती, बाई. चुका करायलाच आली होती. त्या बघायला मी होतो." ते उठले. "लिहा. नाही लिहिलंत तर पुढच्या माणसाला कुठल्या तोंडाने सांगू, चटईखाली बघ म्हणून?"

बाईंनी लिहिलं. मास्तरांनी सही केली, बटण दाबून पेन सरळ ठेवलं आणि दारापर्यंत गेले. तिथे थांबले.

"तुमच्या गाडीतसुद्धा बाटली सापडली, असं मघाशी म्हणालात."

"हो. डिकीत टाकली."

"टाकली की ठेवली?"

मास्तर मान हलवून निघून गेले.

रिपोर्ट साहेबांच्या टेबलावर ठेवून बाई आवारात आल्या. डिकी उघडली. स्टीलची बाटली एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात लोळत गेली. त्यांनी ती उचलली, जॅकच्या पट्ट्याखाली अडकवली, पट्टा ओढून पाहिला. मग चारही दारं उघडली, गुडघ्यावर बसून एकेका सीटखाली हात घातला. एक छत्री निघाली, मुलाचं पेन्सिलचं टोक, वाळलेल्या संत्र्याची साल.

गाडी निघाली. पहिल्या वळणावर काहीच गडगडलं नाही. दुसऱ्यावरही नाही. उताराच्या माथ्यावर बाईंनी वेग कमी केला आणि पायाशी काही येतंय का, हे ऐकत सावकाश खाली उतरू लागल्या.